दहावा माणूस

नऊ कामगारांच्या एखाद्या फॅब्रिकेशन शेडमध्ये दहावा माणूस घ्यायचा ठरला, तर तो मालकाला किती रुपयांना पडतो? पगार महिना पंधरा हजार धरू. वर्षाचे झाले १,८०,००० रुपये. पण हिशेब इथे थांबत नाही. दहावे नाव मस्टरवर चढले, की कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे आपल्या तोंडात बसलेले ईएसआयसी, त्या शेडला लागू होते. आणि ती एकट्या दहाव्याला लागू होत नाही, दहाही जणांना होते. मालकाचा वाटा पगाराच्या सव्वातीन टक्के. दहाही जणांना पंधरा-पंधरा हजार मिळतात असे धरले, तर महिन्याला ४,८७५ आणि वर्षाला ५८,५०० रुपये. नऊ जण होते तोवर हाच आकडा शून्य होता. सरकारी कागदावर जो हप्ता सव्वातीन टक्क्यांचा आहे, तो दहाव्या माणसाच्या पगारावर साडेबत्तीस टक्के होऊन बसतो. लहान उद्योगाला आपल्या माणसांचा आरोग्य विमा का झेपत नाही, या प्रश्नाचे अर्धे उत्तर या एका गुणाकारात आहे.

या प्रश्नावर आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरे मिळतात. उद्योजकांच्या बैठकीत ऐकू येते, की धंद्यात मार्जिनच उरले नाही, त्यात हा आणखी एक भुर्दंड. कामगार संघटनेच्या व्यासपीठावरून ऐकू येते, की मालकाला गाडी बदलायला पैसे असतात, कामगाराच्या औषधाला नसतात. दोन्हींत थोडे थोडे खरे आहे, आणि दोन्हींमुळे मूळ गोष्ट नजरेआड होते. माझे म्हणणे असे, की लहान उद्योगासाठी आरोग्य विम्याचा दर मुळात जड नाही. जड आहे ती त्याची मांडणी: हप्ता कितव्या माणसापासून सुरू होतो, कोणत्या पगाराला तुटतो, आणि भरलेल्या पैशाच्या बदल्यात दवाखान्यात काय हाती पडते. या तीन ठिकाणी दुरुस्ती झाली, तर हाच विमा आज त्याच्या बाहेर उभ्या असलेल्या लाखो लोकांपर्यंत पोचू शकतो.

आधी दहाची पायरी पाहू. ती चढायची नाही म्हणून काय काय केले जाते, ते कोणत्याही औद्योगिक वसाहतीत माहीत आहे. मस्टरवर नऊच नावे ठेवायची. बाकीच्यांचा पगार व्हाउचरवर द्यायचा, किंवा त्यांना ठेकेदाराची माणसे म्हणून दाखवायचे. एकाच शेडमध्ये मधोमध पत्र्याचा आडोसा उभारून दुसरी पाटी लावायची, एक फर्म स्वतःच्या नावावर आणि दुसरी बायकोच्या किंवा भावाच्या. काम वाढले तर नवा माणूस घेण्याऐवजी आहे त्यांच्याकडूनच ओव्हरटाइम करून घ्यायचा. हे सगळे बेकायदा किंवा कायद्याच्या काठावरचे आहे, पण वेडेपणाचे नाही. कारण ही पायरी एकदा चढली, की उतरता येत नाही. पुढे मंदी आली, ऑर्डर गेल्या, माणसे सहावर आली, तरी योजना त्या आस्थापनेला लागूच राहते. कायद्याचा नियम तसा आहे. शिवाय ग्रॅच्युइटीही दहापासूनच सुरू होते. ज्याच्या धंद्यात दोन महिने काम आणि एक महिना ओढाताण अशी पाळी चालते, तो मालक नऊवर थांबतो. त्याने न घेतलेला दहावा माणूस मग नाक्यावर उभा राहतो.

याला केवळ तर्काचा आधार नाही. अमृत अमिरापू आणि मायकेल गेश्टर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी भारताच्या २००५ च्या आर्थिक गणनेतील आस्थापना माणसांच्या संख्येनुसार मांडून पाहिल्या. आस्थापना जितकी मोठी तितकी तिची संख्या कमी, हे कोणत्याही देशात दिसते. पण आपल्याकडे दहाच्या आकड्याला ही उतरण एकदम तुटते. दहा आणि त्याहून अधिक माणसांच्या आस्थापना हिशेबाने जितक्या असायला हव्यात तितक्या सापडत नाहीत. त्यावरून त्यांनी काढलेला अंदाज असा, की दहाची पायरी ओलांडल्यावर दर माणशी मजुरीचा खर्च ३५ टक्क्यांनी वाढल्यासारखे मालक वागतात. हा आकडा एकट्या ईएसआयचा नाही, दहापासून लागू होणाऱ्या सगळ्या कायद्यांचा मिळून आहे. त्यांच्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते: हा खर्च कायद्यात लिहिलेल्या रकमांनी पुरता समजत नाही, आणि जिथे भ्रष्टाचार जास्त तिथे तोही जास्त दिसतो. म्हणजे मालक हप्त्याला जितका भितो, त्याहून अधिक तो हप्त्यामागून येणाऱ्या तपासणीला, मागच्या वर्षांच्या थकबाकीला, बारा टक्के व्याजाला आणि वर लागणाऱ्या दंडाला भितो. २०२५ मध्ये ईएसआयसीने ‘स्प्री’ नावाची मोहीम काढली, आणि जे स्वतःहून नोंदणी करतील त्यांच्याकडे मागची थकबाकी मागणार नाही असे सांगितले. ही भीती खरी आहे याची ती कबुलीच होती.

पायरीच्या खाली किती लोक आहेत याचा अंदाज घेतला पाहिजे. २०१३ च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशात सुमारे ५.८५ कोटी आस्थापना आणि त्यांत सुमारे १३.१३ कोटी माणसे मोजली गेली. सरासरी काढली तर एका आस्थापनेत २.२४ माणसे येतात, तीही मालकाला धरून. २०१५-१६ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीने देशात ६.३४ कोटी सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग मोजले. त्यांतले नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक सूक्ष्म होते. महाराष्ट्राच्या वाट्याला आले ४७.७८ लाख. दहा ही रेघ आपण आखली, तेव्हा तिच्या अलीकडे अपवाद राहतील आणि पलीकडे बहुसंख्य, असा समज असावा. प्रत्यक्षात उलटे घडले आहे. किराणा दुकानातला पोऱ्या, पिठाच्या गिरणीतला माणूस, झेरॉक्सच्या दुकानातली मुलगी, गॅरेजमधला हेल्पर, भिवंडी-इचलकरंजीच्या छोट्या यंत्रमागखान्यातला कामगार, हे बहुतेक सगळे रेघेच्या अलीकडे राहिले.

मग रेघेच्या अलीकडचा माणूस आजारी पडतो, तेव्हा काय होते? तो मालकाकडे उचल मागतो. लहान धंद्यातला खरा आरोग्य विमा म्हणजे ही उचल. गल्ल्याशेजारी एक वही असते, तिच्यात नाव, तारीख, रक्कम आणि पुढे महिन्यामहिन्याला कापलेले हजार-दोन हजार. ‘मुलगा ॲडमिट’, ‘बायकोचे ऑपरेशन’, ‘आईचे डोळे’ अशी कारणे कधी लिहिलेली, कधी नाहीत. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीप्रमाणे शहरातल्या खासगी रुग्णालयात एकदा भरती होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च ३८,८२२ रुपये होता. त्यानंतर तो वाढलाच असणार. पंधरा हजार पगाराच्या माणसाला ही अडीच महिन्यांची कमाई. ती उचल फेडायला त्याला दोन-तीन वर्षे लागतात, आणि तेवढा काळ तो त्या मालकाला बांधला जातो. फिटण्याआधी तो गावी निघून गेला, तर रक्कम मालकाच्या अंगावर पडते. वहीत अशा न फिटलेल्या ओळी असतातच. विमा परवडत नाही म्हणणारा मालक हा खर्च कधी मोजत नाही, कारण तो हप्त्याच्या नावाने जात नाही. तो कधी माणुसकी म्हणून जातो, कधी बुडीत म्हणून. पण जातो त्याच खिशातून.

त्या खिशातून ईएसआयला नेमके किती जातात आणि बदल्यात काय मिळते, हे एकदा शेजारीशेजारी मांडू. पंधरा हजार पगारावर मालकाचे सव्वातीन टक्के आणि कामगाराचा पाऊण टक्का मिळून महिन्याला सहाशे रुपये होतात, वर्षाला ७,२००. यात कामगार, त्याची बायको, मुले आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील यांचे उपचार येतात, आणि उपचाराच्या खर्चाला रकमेची मर्यादा नाही. आजारपणात घरी बसावे लागले, तर ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता. क्षय, कर्करोग यांसारख्या ठरावीक दीर्घ आजारांत त्याहून अधिक दराने आणि दोन वर्षांपर्यंत. बाळंतपणाला २६ आठवडे पूर्ण पगार, आणि तो मालकाने नव्हे, योजनेने द्यायचा. कामावर अपघात होऊन कायमचे अपंगत्व आले तर आयुष्यभर पेन्शन. मृत्यू झाला तर वारसांना पेन्शन. सात हजार दोनशे रुपयांत, आईवडिलांना धरून, पगाराच्या भरपाईसह, एवढे देणारी पॉलिसी खुल्या बाजारात मिळत नाही.

यात मालकाचा एक फायदा आहे, तो बहुतेक मालकांना कुणी सांगितलेलाच नसतो. पॉवर प्रेसवर बोटे जाणे, अंगावर जॉब पडणे, विजेचा धक्का बसणे हे छोट्या शेडमध्ये घडत राहते. ईएसआय नसेल तर भरपाईची जबाबदारी थेट मालकावर येते. तिचे सूत्र कायद्यात लिहिलेले आहे: मृत्यू झाल्यास पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाचा घटक. तीस वर्षांच्या माणसासाठी हा घटक २०७.९८. पंधरा हजार पगार धरला तर रक्कम येते १५,५९,८५०. वर्षाला ५८,५०० रुपये ईएसआय भरणाऱ्या दहा माणसांच्या शेडचा हा साडेसव्वीस वर्षांहून अधिक काळाचा हप्ता आहे. ईएसआय लागू असेल तर हे ओझे योजना उचलते आणि मालक त्यातून मोकळा होतो. नऊवर थांबून हप्ता वाचवणारा मालक दर वर्षी हा जुगार खेळत असतो. बहुतेक वर्षे तो जिंकतो, म्हणून त्याला तो जुगार वाटत नाही.

इथे मालकांचा सर्वांत वजनदार आक्षेप येतो. कागदावर हे सगळे छान आहे, पण दवाखान्यात काय मिळते? हप्ता कापला जातो आणि कामगार शेवटी खासगी डॉक्टरकडेच जातो. मग मी हप्ताही भरायचा आणि उचलही द्यायची का? हा आक्षेप खोटा नाही, आणि तो झटकून टाकणाऱ्यांनी योजनेचे फार नुकसान केले आहे. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर, सोलापूर, कोल्हापूर अशा जुन्या औद्योगिक शहरांत कामगार विम्याची रुग्णालये आहेत. पण उद्योग आता तालुक्यांच्या रस्त्यांवर पसरले आहेत आणि दवाखाने जुन्या गिरण्यांच्या आणि वसाहतींच्या सावलीत राहिले. तपासणीला जायचे म्हणजे कामगाराची दिवसाची मजुरी बुडते, म्हणून तो जात नाही. १७ डिसेंबर २०१८ रोजी अंधेरीत मरोळच्या कामगार रुग्णालयाला आग लागली, रुग्ण आणि नातेवाईक दगावले, आणि त्या भागातल्या कामगारांचे हक्काचे मोठे रुग्णालय दीर्घकाळ हातचे गेले. हप्ता मात्र त्या काळातही पूर्ण कापला जात होता.

पैसा नाही म्हणून हे होते का? योजना चालवणाऱ्या ईएसआय महामंडळाचा गुंतवून ठेवलेला राखीव निधी लाख कोटींच्या घरात आहे. पैसा आहे; तो दवाखान्यापर्यंत पोचत नाही, कारण जबाबदारी दोन घरांत वाटलेली आहे. वैद्यकीय खर्चाचे सात भाग महामंडळाने द्यायचे, एक भाग राज्याने. दवाखाने बऱ्याच ठिकाणी राज्याने चालवायचे, डॉक्टर राज्याने भरायचे. रिकाम्या जागेचा जाब विचारायला गेले, की एक घर दुसऱ्याकडे बोट दाखवते. म्हणून मालकाच्या या आक्षेपाचे उत्तर ‘मग हप्ता बंद करा’ हे होऊ शकत नाही. ज्याने पैसे भरले त्याला ते वसूल करण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क लघुउद्योजकांच्या संघटनांनी कामगारांच्या बरोबरीने बजावायला हवा होता. दर कमी करा म्हणून जितकी निवेदने गेली, त्याच्या निम्मी जरी दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या रिकाम्या जागांबद्दल गेली असती, तर आज चित्र वेगळे असते.

दराची मागणी मान्य झालीही. १ जुलै २०१९ पासून एकूण हप्ता साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आला. मालकाचा वाटा पावणेपाचवरून सव्वातीनवर, कामगाराचा पावणेदोनवरून पाऊण टक्क्यावर. सरकारने तेव्हा सांगितले होते, की २०१८-१९ मध्ये ३.६ कोटी कामगार आणि १२.८५ लाख मालकांनी मिळून २२,२७९ कोटी रुपये भरले होते. त्याच पगारांवर नवा दर लावला, तर एकट्या मालकांची बचत वर्षाला सुमारे ५,१०० कोटींची होते. ही सवलत कुणाला मिळाली? जे आधीच पायरी चढून आत बसले होते त्यांना, आणि त्यांतही ज्यांचे पगारपत्रक जितके मोठे त्यांना तितकी जास्त. नऊवर थांबलेल्याला तिचा उपयोग नव्हता. त्याच्या दहाव्या माणसावरचा बोजा साडेसत्तेचाळीस टक्क्यांवरून साडेबत्तीसवर आला, एवढेच. पायरी थोडी घासली गेली, पण जागेवर राहिली.

दुसरी तुटलेली जागा पगाराच्या वरच्या टोकाला आहे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यालाच योजना लागू होते, आणि ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून तशीच आहे. तेव्हा एकवीस हजार हा कुशल कामगाराचा बरा पगार होता. आज सीएनसी चालवणारा किंवा अनुभवी वेल्डर सहज त्याच्या पुढे जातो. पगार २०,८०० वरून २१,५०० झाला की चालू हप्ता-कालावधी संपल्यावर तो योजनेतून बाहेर. सातशे रुपयांच्या वाढीत त्याने आईवडिलांचे उपचार, आजारपणाचा भत्ता आणि बरेच काही गमावले. त्यामुळे पगारवाढ नको, किंवा मूळ पगार तेवढाच ठेवून वरचे ओव्हरटाइममध्ये दाखवा, अशी विनंती कामगारच करतो. ओव्हरटाइम या मर्यादेत धरला जात नाही, हे त्याला पाठ असते. चांगल्या कारागिराला पगारवाढ हाच तोटा वाटावा, यापेक्षा मांडणी चुकल्याचा मोठा पुरावा कोणता हवा?

मग अशा माणसांसाठी मालकाने खासगी कंपनीची गट पॉलिसी घ्यावी, असे सल्लागार सुचवतात. मोठ्या कंपन्यांत हे चालते. लहान धंद्यात चालत नाही, आणि त्याचे कारण मालकाच्या कंजूषपणात नसून गणितात आहे. विमा म्हणजे पुष्कळांनी थोडे थोडे टाकून थोड्यांचे मोठे संकट निभावणे. बारा जणांत ‘पुष्कळ’ नाहीतच. समजा बारा कुटुंबांचा वर्षाचा प्रीमियम दीड लाख आहे, आणि एकाची अँजिओप्लास्टी झाली. दावा अडीच लाखांचा. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला विमा कंपनी मागच्या दाव्यांचा कागद समोर ठेवते, आणि एका माणसाच्या हृदयाची किंमत बाकीच्या अकरा जणांच्या प्रीमियमवर चढते. मग नोकरी देताना मालक उमेदवाराच्या हाताच्या कौशल्याबरोबर त्याची शुगरही विचारू लागतो. त्यात कराचा भाग निराळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झाला, याचे स्वागत झाले, व्हायलाच हवे होते. पण मालकाने कामगारांसाठी घेतलेल्या गट पॉलिसीवर १८ टक्के तसाच राहिला, आणि कायद्याने सक्ती नसेल तर त्या कराची वजावटही मालकाला मिळत नाही. स्वतःच्या कुटुंबाचा विमा काढला तर कर नाही, बारा कामगारांच्या कुटुंबांचा काढला तर शेकडा अठरा. हे समजावून सांगण्याजोगे कारण मला सापडत नाही.

आता एक आक्षेप, जो महाराष्ट्रात विशेष जोराने येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्याने सर्व कुटुंबांना खुली केली आहे, रेशनकार्डाचा रंग न पाहता, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. मग मालकाने वेगळा विमा कशाला द्यायचा? या योजनेने असंख्य घरांना कर्जातून वाचवले आहे आणि तिचे मोल कमी लेखू नये. पण ती रुग्णालयात भरती झाल्यावर, ठरलेल्या यादीतल्या उपचारांसाठी आहे. कामगाराचा रोजचा खर्च भरतीच्या आधी आणि नंतर होतो: ताप, डॉक्टरची फी, तपासण्या, रक्तदाबाच्या गोळ्या. देशाच्या २०२१-२२ च्या आरोग्य लेख्यांप्रमाणे एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के अजूनही लोकांच्या खिशातून जातो. शिवाय हृदयाची शस्त्रक्रिया फुकट झाली, तरी नंतरचे तीन महिने घरात पगार येत नाही. त्या तीन महिन्यांचे किराणा आणि भाडे जन आरोग्य योजना देत नाही. ईएसआयचा भत्ता देतो. उचलीच्या वहीत जे लिहिले जाते, त्यातले बरेचसे या बुडालेल्या मजुरीचेच असते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली. तिच्यात दहाहून कमी माणसांच्या आस्थापनांना, मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर, स्वेच्छेने ईएसआयमध्ये येण्याची सोय केली आहे. धोकादायक कामात तर एक माणूस असला तरी सक्ती होऊ शकते. पाऊल योग्य दिशेचे आहे. पण स्वेच्छेवर उभा राहिलेला विमा फार टिकत नाही, हा जगाचा अनुभव आहे. ज्याच्याकडे आधीच कुणी आजारी आहे तो आधी येतो. ज्याची माणसे तरुण आणि धडधाकट, तो थांबतो. शिवाय शेजारच्या शेडवाल्याने हप्ता भरला नाही आणि मी भरला, तर कोटेशनमध्ये माझा दर वर जातो आणि ऑर्डर त्याला मिळते. चांगल्या मालकाला चांगुलपणाची शिक्षा होते.

ही अडचण नवी नाही, आणि तिचे उत्तरही या योजनेच्या जन्मातच आहे. प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला, १९४८ मध्ये कायदा झाला. योजना एकदम देशभर सुरू करता येणार नव्हती; कानपूर आणि दिल्ली निवडली गेली. तेव्हा पहिल्या शहरांतल्या मालकांनी हाच मुद्दा काढला: आम्ही हप्ता भरायचा आणि बाकीच्या शहरांतले कारखानदार मोकळे, मग बाजारात आम्ही टिकायचे कसे? सरकारने १९५१ मध्ये कायदा दुरुस्त केला आणि जिथे योजना अजून पोचली नव्हती तिथल्या मालकांकडूनही विशेष वर्गणी घेतली, म्हणजे ओझे एकट्या कानपूरवर राहिले नाही. त्यानंतरच २४ फेब्रुवारी १९५२ ला योजना सुरू झाली. ओझे सगळ्यांवर सारखे टाकले तर ते कुणालाच बाजारातून उठवत नाही, हे त्या पिढीला कळले होते.

महाराष्ट्राने तर याहून पुढचे करून दाखवले. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. हमालाला कायमचा मालक नसतो. सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या. कायद्याने एका मालकाकडे किती माणसे हा प्रश्नच काढून टाकला. ज्याने हमालाकडून काम करून घेतले त्याने मजुरीवर लेव्ही मंडळात भरायची, मग तो मोठा घाऊक व्यापारी असो की एका गाळ्याचा. आणि मंडळाने त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार यांची सोय करायची. या व्यवस्थेत पुढे अपप्रवृत्ती शिरल्या, माथाडीच्या नावाने खंडणी मागणारे निघाले, उद्योजकांच्या तक्रारी खऱ्या आहेत. त्यांचा बंदोबस्त झाला पाहिजे. पण एकेकटे लहान मालक मिळून मोठा गट होऊ शकतात, आणि माणसांची संख्या न मोजता विमा देता येतो, हे मशीद बंदर आणि वाशीच्या बाजारात सिद्ध झालेले आहे. जर्मनीत १८८३ पासून आजार विमा आहे. तिथे एक माणूस ठेवला तरी मालकाचा वाटा सुरू होतो, आणि तीसपर्यंत माणसे असलेल्या मालकांसाठी वेगळा सामाईक निधी आहे, जो आजारपणात दिलेल्या पगाराचा मोठा भाग त्यांना परत करतो. लहान मालकाला सूट देण्याऐवजी त्याला सोबत दिली आहे.

म्हणून मागणी अशी असावी: दहाची रेघ पुसा आणि तिच्या जागी उतार करा. एका माणसापासून प्रत्येक कामगाराची नोंद व्हावी. नऊपर्यंतच्या आस्थापनेत मालकाचा वाटा पहिली काही वर्षे सरकारने भरावा, मग तो हळूहळू मालकाकडे यावा, आणि दहावा माणूस आला म्हणून मागच्या नऊंचे ओझे एका दिवसात अंगावर पडू नये. पैसा कुठून, हा रास्त प्रश्न आहे. पंधरा हजार पगारावर मालकाचा वर्षाचा वाटा ५,८५० रुपये. २०१९ च्या कपातीत मालकांची जी सुमारे ५,१०० कोटींची बचत झाली, तेवढ्या रकमेत सुमारे ८७ लाख नव्या कामगारांचा मालकवाटा भरता आला असता. ती रक्कम तिजोरीतली नव्हती, हे खरे. पण सरकारने मालकाचा वाटा भरण्याची वाट मळलेली आहे. २०१६ च्या प्रधानमंत्री रोजगार प्रोत्साहन योजनेत नव्या कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा वाटा सरकारने तीन वर्षे भरला होता. म्हातारपणासाठी जे केले, ते आजारपणासाठी करायला अडचण नसावी. याच्या जोडीला २१,००० ची मर्यादा मजुरीच्या वाढीशी बांधावी, म्हणजे ती नऊ-नऊ वर्षे गोठून राहणार नाही, आणि छोट्या आस्थापनांच्या गट पॉलिसीवरचा कर काढावा.

कुणी म्हणेल, एका माणसाच्या दुकानालाही कागदपत्रे, पोर्टल आणि महिन्याच्या पंधरा तारखेचे चलन लावले तर तो दुकान बंद करील. आजच्या पद्धतीने लावले तर खरेच करील. पण तोच दुकानदार रोज पन्नास ग्राहकांचे पैसे यूपीआयने घेतो आणि वीजबिल फोनवर भरतो. एका कामगाराचा सहाशे रुपयांचा हप्ता वीजबिलासारखा भरता आला पाहिजे, निरीक्षकाचे तोंड न पाहता. तसे झाल्यावर मात्र मालकाने ‘परवडत नाही’ म्हणू नये. पंधरा हजारांवर ४८८ रुपये परवडत नसतील, तर तो धंदा आज कामगाराच्या तब्येतीच्या जिवावर चालला आहे असाच त्याचा अर्थ होतो.

हा अंक वाचणाऱ्यांत स्वतःची शेड, दुकान, छापखाना किंवा क्लास चालवणारे पुष्कळ असतील; दिवाळी अंकांची जाहिरातीची पाने त्यांच्याच आधारावर उभी असतात. त्यांना विनंती एवढीच, की बोनसची पाकिटे भरून झाली की मस्टर आणि उचलीची वही शेजारीशेजारी उघडून पाहा. वहीत आहेत पण मस्टरवर नाहीत, अशी नावे किती ते मोजा, आणि ती चढवा. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. दहा माणसे असतील तर तो आजही तुम्हाला लागू आहे, आणि कमी असतील तर दार आता उघडे आहे. ईएसआयचा एक हप्ता-कालावधी १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि ३१ मार्चला संपतो. आजारपणाच्या भत्त्यासाठी त्यात ७८ दिवसांचा हप्ता लागतो. दिवाळीनंतर लगेच मस्टरवर आलेल्या माणसाचे हे ७८ दिवस मार्चच्या आत भरतात. दवाखान्याचा हक्क तर त्याला पहिल्या दिवसापासून मिळतो.